सहा सारख्या चुली

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. ओळ सरळ जात नाही, शेवटाला गेली की खाली घसरते. वेलांटी पहिली कुठे आणि दुसरी कुठे ते मला अजून कळत नाही, हाताला येईल ती देते. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीला नदीपलीकडे जावं लागायचं आणि पावसाळ्यात पलीकडे जाता यायचं नाही, म्हणून उन्हाळ्यातही कोणी पाठवलं नाही. वाचणाऱ्याने माफ करावं. वाचणारं कोणी असेल असं नाही. पण माझी खोडच आहे, घरात कोणी नसलं तरी भांडं पडलं की मी कोणाची तरी माफी मागते.

वाक्य मात्र मला नीट करता येतं. ते मी बाईंकडून शिकले. तीन वर्षं त्या सांगायच्या आणि मी लिहायचे. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून वेलांट्या तशाच राहिल्या.

बाई म्हणजे महाडला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेल्या बाई. लग्न केलं नव्हतं. बाजारपेठेच्या मागे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातली एक नुसती पुस्तकांची. मी त्यांच्याकडे भांडी आणि स्वयंपाकाला लागले. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात आहे. सकाळची एसटी धरून महाडला यायचं आणि पाचच्या गाडीने परत. मी लागले तेव्हा बाईंना दिसत होतं. मग काचबिंदूने डोळे कडेकडेने गेले, शेवटी समोर वाटीएवढा गोल राहिला, तोही धुरकट. त्यांचं एक पुस्तक अर्धं लिहून झालं होतं. लिहून द्यायला कॉलेजातल्या दोन मुली येऊन गेल्या, टिकल्या नाहीत. एक दिवस बाई म्हणाल्या, "तुला लिहिता येतं ना गं?"

"येतं बाई, पण वाईट."

"वाईट चालेल. मला कुठे दिसणार आहे!" आणि स्वतःच हसल्या. मीपण हसले. तेव्हा आमचं बरं होतं.

पुस्तक माणसाबद्दल होतं. सगळ्या माणसांबद्दल नाही, एकेकट्या माणसाबद्दल. बाई सांगायच्या, पूर्वी कुंभाराचा मुलगा कुंभार आणि न्हाव्याचा न्हावी. माणूस जन्माला यायच्या आधीच त्याचं काम येऊन बसलेलं असायचं. देवाने ठरवलंय म्हटलं की कोणी विचारायचं नाही. मग परदेशात गेल्या दोन-तीनशे वर्षांत काही माणसं झाली, त्यांनी विचारायला सुरुवात केली. एकजण म्हणाला, गर्दीत माणूस खोटा होतो, एकटा उभा राहतो तेव्हाच खरा. मला आमची वाडी आठवली. अठरा घरं आहेत, त्याला गर्दी म्हणता येणार नाही, पण खोटं व्हायला पुरतात. दुसरा म्हणाला, प्रत्येकाचं माप त्याच्या आतच असतं, दुसऱ्याच्या मापाने जगलं तर आपलं जगायचं राहून जातं. तिसऱ्याचं म्हणणं, माणूस हाताने जे करतो त्यातच तो स्वतःला दिसतो, ते काम त्याचं राहिलं नाही की तो स्वतःलाच परका होतो. आणि एकजण होता, तो म्हणायचा, तुला कोणी काही ठरवून पाठवलेलं नाही, निवड तुझी तू करायची, नाही केलीस तर तीही निवडच. हा मला आवडला नाही. त्याच्या डोक्यावर कोणाची उचल नसावी.

माझ्या डोक्यावर होती. पुराच्या वर्षी जुलैत आमच्या घराची मागची भिंत डोंगराच्या पाण्याने बसली आणि पत्रे गेले. त्या वर्षी आमच्याकडे ज्यांच्या घरची माणसं वाचली त्यांनी भिंतीबद्दल बोलू नये, म्हणून जास्त बोलत नाही. घरचे, म्हणजे माझा नवरा, कारखान्यांच्या वसाहतीत कंत्राटी कामाला जातात, बस येते न्यायला. त्यांच्या पगारात घर चालतं, भिंत उभी राहत नाही. बाईंनी नव्वद हजार दिले. मी मागितलेही नव्हते, नुसतं रडले होते. व्याज नाही, महिन्याच्या पगारातून दीड हजार कापायचे. एकच बोलणं झालं.

"पुस्तक पुरं होईपर्यंत आणि पैसे फिटेपर्यंत मला सोडून जाऊ नकोस. आता नवं माणूस मला झेपणार नाही."

"कुठं जाणार बाई," मी म्हटलं. तेव्हा खरंच कुठे जायचं नव्हतं.

मुख्य शब्द शोधण्यात बाईंचा एक आठवडा गेला. माणसाला आतून वाटतं की हे काम माझं आहे, हे मीच करायचं, त्याला मराठीत काय म्हणावं? "व्यवसाय? छे, तो पोटासाठी. व्रत? नको, त्यात उपास येतो." मी पोळ्या लाटत होते आणि त्या खुर्चीत बसून शब्द चाखत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हाक. हाक लिही. माणसाला त्याच्या कामाची हाक येते." मी पिठाचे हात पुसून लिहिलं.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला आईच्या चुली आठवल्या.

माझी आई चुली घालायची. वारुळाची माती, शेण आणि भाताचं तूस, तीन दिवस भिजवून पायाने मळायचं. एवढं आमच्याकडे कोणालाही येतं. पण आई आधी माती आणायचीच नाही, आधी त्या घरच्या बाईला बसवायची. "बस हितं, आन् भाकरी कर." पीठ नाही, परात नाही, ती बाई लाजत नुसते हात हलवायची आणि आई बघत राहायची. गुडघा कुठे येतो, कोपर किती लांब जातं, फुंकताना पाठ धरते का, डावरी आहे का, दारातून वारा कुठून येतो. मग त्या मापाची चूल. जिचे गुडघे दुखतात तिची उंच. डावरीचा वैल, म्हणजे बाजूचं लहान तोंड, डाव्या अंगाला. जिच्या घरात पावसाळ्यात ओलंच लाकूड जळतं तिच्या चुलीचं तोंड रुंद. आईची चूल धूर करायची नाही. आई गेल्यावर मी घालायला लागले, माझीही करत नाही.

घरोघरी मातीच्या चुली असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्याने चूल घातली नसणार. मी शंभराच्या वर घातल्या, दोन सारख्या नव्हत्या. गॅस आला तरी आमच्याकडे आंघोळीचं पाणी आणि तांदळाची भाकरी चुलीवरच. दिवाळी उरकली, जमीन सुकली, की बायका बोलावतात. चुलीचे पैसे घ्यायचे नाहीत अशी रीत आहे. नारळ, पायलीभर तांदूळ, फार तर खण. आई म्हणायची, चूल विकली की आपली विझते.

मला चारचौघांत बोलता येत नाही. हळदीकुंकवाला गेले तर दाराशी बसते आणि नाव घ्यायची पाळी यायच्या आत उठते. पण चूल घालताना मी समोरच्या बाईला सांगते, सरक, वाक, अशी नको, नीट बस. तेव्हा माझा आवाज मोठा येतो. ती सरपंचाची बायको असली तरी सरकते. मला माझंच नवल वाटतं.

हे सगळं मी बाईंना सांगितलं, ही माझी चूक. आठ दिवस मनात जुळवत होते, मग एका दुपारी बोलले. बाई खुर्चीतून उठल्याच. "अगं हेच! हेच तर मी दोन प्रकरणं सांगतेय!" त्यांनी माझे हात हातात घेऊन बोट न् बोट चाचपलं. परत परत विचारलं, बाईला बसवतेस म्हणजे कशी, डावरीला काय करतेस. दोन दिवस त्या खुशीत होत्या. मीपण. मला वाटलं, मी पुस्तकात येणार.

तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "लिही. कोकणातल्या एका खेड्यात एक निरक्षर स्त्री चुली घालते."

मी लिहिलं.

"प्रत्येक चूल ती त्या घरातल्या स्त्रीच्या मापाने घडवते. परंतु आपण हे का करतो याची तिला जाणीव नसते. हाक तिच्यापर्यंत आली आहे, पण ती ऐकणारा 'मी' तिच्यात अजून जागा झालेला नाही. लिहिलंस?"

"हो."

"वाच बघू."

मी वाचलं. निरक्षर हा शब्द मी माझ्याच अक्षरात लिहिला होता आणि मोठ्याने, नीट वाचला. बाई म्हणाल्या, छान झालंय. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की हात थांबला नाही. त्या आंधळ्या होत्या, मी तिथे काहीही लिहू शकले असते. चौथी पास लिहिलं असतं तर कोणाला कळलं असतं? पण मी दुसऱ्याची वाक्यं लिहायला बसले होते आणि ती इमानाने लिहिली.

चार दिवसांनी वाल निवडता निवडता मी विषय काढला. वाल निवडताना खाली बघायचं असतं, ते सोपं जातं.

"बाई, ती निरक्षर नाय ना. चौथी झालीय तिची."

"कोणाची?"

"त्या चुलीवालीची."

बाई गोड हसल्या. "अगं वेडे, ती तू नव्हेस. ते उदाहरण आहे. उदाहरणात माणूस नसतो, मुद्दा असतो. चौथी पास म्हटलं की मुद्दा बोथट होतो."

एकेका माणसाचं माप वेगळं, असं सांगणारं पुस्तक होतं ते. मी वाल निवडत राहिले. आणि जाणीव नसते म्हणजे काय? आई त्या घरच्या बाईला का बसवायची ते आईला माहीत होतं, मलाही माहीत आहे. आम्ही ते बोलून दाखवत नाही, कारण विचारत कोणी नाही. न बोलणाऱ्याच्या आत काही चाललेलं नसतं, असं शिकलेल्या माणसांना का वाटतं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच साली दिवाळीनंतर हॉटेलवाला घरी आला. पलीकडच्या वाडीतला, वीस वर्षं मुंबईला होता, आता महामार्गाच्या कडेला पोलादपूरच्या अलीकडे हॉटेल टाकत होता. त्या रस्त्याला आता जिथेतिथे पाटी आहे, चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी.

"वयनी, सहा चुली पायजेत. लाइव्ह किचन करायचाय. बाया भाकऱ्या थापणार, गिऱ्हाईक समोर बसून बघणार. गावची फुल फिलिंग आली पायजे."

"सहा?"

"लाइनीत. एकीचे दीड हजार. रोख."

आमचे घरचे उंबऱ्यात बसून बूट काढत होते. म्हणाले, "आन् नारळ? नारळ देशील ना रे, का तो पण रोखीत धरलास?"

"दादा, तुला नारळाची गाडी पाठवतो, तू वयनीला हो म्हणायला सांग."

मी हो म्हटलं. आईचं बोलणं आठवलं नाही असं नाही. पण मला एक हिशेब दिसला होता, आणि तो पैशाचा कमी, माझा जास्त होता. चुलींच्या पैशांतून उचल लवकर फिटली की रोज महाडला जाणं सुटणार होतं. मग दुसऱ्याची वाक्यं लिहायची नाहीत. मी आणि माझी माती. माझं म्हणून जे काम आहे ते पोटालाही लागेल, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं. बाईंच्या पुस्तकातली माणसं जे बोलतात ते माझ्या दारात येऊन उभं राहिलं होतं.

मी बाईंकडे पंधरा दिवसांची सुटी मागितली.

"अगं, ही तर तुझी हाक!" त्या म्हणाल्या. "जा. जायलाच हवं." मग पुढे वाकून म्हणाल्या, "पण शेवटचं प्रकरण चालू आहे. आणि आपलं ठरलंही होतं ना, पैसे फिटेपर्यंत? मी अडवत नाहीये हं. तू स्वतंत्र आहेस. निवड तुझी."

असं म्हणून त्या मागे टेकल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी लिहून ठेवते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मला मोकळं सोडलंय. दार उघडं आहे असं सांगायचं आणि स्वतः दारात बसायचं. त्यांना स्वतःला दिसत नव्हतं एवढंच.

मी सुटी घेतली नाही. रविवारी आणि सकाळी पहिल्या गाडीच्या आधी हॉटेलवर जाऊन चुली घातल्या. सहा बाया कामाला ठेवल्या होत्या, जवळच्याच वाड्यांतल्या. मी एकेकीला बसवलं. हॉटेलची फरशी, वर झुंबर, आणि त्या हवेत भाकऱ्या थापत होत्या. एकमेकींना बघून इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. त्यांच्यातली एक म्हातारी डावरी होती. नात्यातली नव्हे, पण मी तिला मावशी म्हणायला लागले. तिला मी म्हटलं, "मावशी, सरक इकडं, लाजू नको, हात लांब कर." माझा आवाज सगळ्या हॉटेलात गेला. पुढे दीड वर्ष मी या रस्त्याला चुली घातल्या, पण तसा आवाज परत आला नाही.

आठव्या दिवशी चुली उभ्या राहिल्या. मालक आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"अगो हे काय? एक उंच, एक बुटकी, एकीचं तोंड भलतीकडं. तालुक्याच्या एसटीला रांग लावल्यासारख्या उभ्या हायत."

"बायांच्या मापाने हायत."

"बाया बदलतील गो! आज ही, शिमग्यानंतर दुसरी. बाईचं माप कशाला पायजे? मला चुलीचं माप पायजे. फोटो काढतात लोक, सहाच्या सहा सेम दिसल्या पायजेत."

"ती मावशी डावरी हाय."

"मग उजव्या हाताने करेल. पगार देतोय ना!"

त्याने तेलाचा पत्र्याचा डबा आणून उभा कापला. "हा ठेव आन् याच्याभोवती थाप. झाली चूल. तू उगाच डोकं लावतेस."

डावरी मावशी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मोड गो मोड. माझं काय, मला लहानपणी मारून मारून उजव्या हाताने जेवायला शिकवलाय. आता भाकरी पण शिकेन."

मी त्या चुली मोडल्या. ओल्याच होत्या, हाताने बसत गेल्या. मग डबा ठेवून सहा सारख्या थापल्या. मला कोणी धरलं नव्हतं. मी नाही म्हणून निघून आले असते तर नऊ हजार गेले असते, बाकी काही झालं नसतं. निवड माझी होती. तो न आवडणारा माणूस बरोबर बोलला होता, म्हणून तो मला आणखीच आवडेनासा झाला.

नऊ हजार मी बाईंच्या हातात दिले. त्या म्हणाल्या, "बघ! आपल्या कामातून माणूस कसा उभा राहतो!" आणि मला पुढचं पान घ्यायला सांगितलं.

महिन्याभराने हॉटेलवाल्याने परत बोलावलं. मला वाटलं चुलीला तडा गेला. तो म्हणाला, "वयनी, कंप्लेंट हाय. तुझी चूल धूर करत नाय."

"नायच करत."

"तेच तर! गिऱ्हाईक विचारतं, ही खरी हाय का शोची? गावच्या चुलीला धूर पायजे." डब्याच्या मापाने घातली तरी हात माझेच होते, तेवढं त्या हातांनी केलं होतं. शेवटी त्याने कोपऱ्यात एका लोखंडी घमेल्यात ओली लाकडं पेटवून ठेवली. धूर तिथून यायचा, गिऱ्हाईक डोळे चोळत खूश व्हायचं.

होळीच्या आसपास मी पुन्हा तिथे गेले. तव्याखाली बघितलं तर निळी आच. चुलीत गॅसची शेगडी बसवली होती, मागून भोक पाडून नळी घेतली होती. समोर दोन लाकडं नुसती टेकवलेली, त्यांची टोकं काळी रंगवलेली.

"बघ कशी एकसारखी आच!" मालक म्हणाला. "लाकूड लागत नाय, बाया खोकत नाय. आन् चूल तुझीच हाय ना बाहेरून!"

डावरी मावशी उजव्या हाताने भाकरी थापत होती. भाकऱ्या जाड होत होत्या. मला बघून म्हणाली, "ये, फोटो काढ माझा. मुंबईवाले काढतात, तू पण काढ." मी हसले आणि निघाले. रस्त्यापर्यंत हसू तोंडावरच राहिलं होतं, ते मला कळलं नाही.

त्यानंतर कामं येत गेली. महामार्गावरची हॉटेलं, घाटाच्या अलीकडची, किल्ल्याच्या रस्त्याची. सगळ्यांनी ते पहिलं हॉटेल बघितलेलं. "तशाच पायजेत. सेम." मी डबा पिशवीत घालून जायचे. कोणत्याही बाईला बसवलं नाही. चाळीसच्या वर चुली घातल्या असतील आणि त्यांच्यावर कोण बसतं ते मला माहीत नाही. पुढे पुढे मागचं भोक मीच आधी ठेवायला लागले, नंतर पाडलं की चूल हलते म्हणून.

आणि वाडीत बायकांनी मला बोलावणं बंद केलं. कोणी भांडलं नाही. त्यांना कळेना की आता मला नारळ द्यायचा का पैसे. विहिरीवर एकीने विचारलं, "आमाला किती घेशील गो?" ती चेष्टा करत होती का खरंच विचारत होती, मला ओळखता आलं नाही. मी म्हटलं, काही नको, नारळ दे नेहमीसारखा. ती म्हणाली, "नको बाय, दीड हजाराची चूल नारळावर घेतली असं कोणी बोलायला नको." तिने विटा मांडून घेतल्या. त्यांच्यातून धूर निघतो, आमच्या अंगणापर्यंत येतो.

पुस्तक मागच्या वर्षी छापून आलं. बाईंचा पुण्याचा भाचा वह्या घेऊन गेला होता, त्याने सगळं तपासून दिलं. आल्याबरोबर बाईंनी मला एक प्रत दिली आणि पहिली दोन पानं वाचून घेतली. मी घरी आल्यावर ती चुलीवाली शोधली. सगळं प्रकरण वाचलं, मग मागचं आणि पुढचं. कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं.

"हो, ते काढलं त्याने. म्हणाला, उदाहरण फार लांबलंय. भावनिकही वाटत होतं." मग म्हणाल्या, "तुला काय गं, तुला तर ते आवडलं नव्हतं."

खरं होतं. मला आवडलं नव्हतं. तरी दुपारभर मला कोणीतरी घराबाहेर काढल्यासारखं वाटत राहिलं. निरक्षर म्हणून का होईना, एका पानावर माझ्या आईची रीत होती. आता ती पुस्तकात नाही आणि वाडीतही नाही. ज्या पुस्तकासाठी मी बांधलेली होते ते छापून झालं, उरले होते पैसे.

शेवटचे पैसे मी परवा, सोमवारी दिले. घाटाजवळच्या हॉटेलचे आले होते, त्यातलेच चार हजार. स्वयंपाक उरकला, बाईंचं ताट उचललं आणि नोटा त्यांच्या हातात ठेवल्या. पाचशेच्या सहा आणि दोनशेच्या पाच. बाई नोट बोटावर धरून तिच्या लांबीवरून ओळखतात. एकेक नोट मांडीवर सरळ करत त्यांनी मोजल्या.

"झाले का गं सगळे?"

"झाले बाई. मी मांडलेत. तुम्ही भाच्याला विचारून बघा."

"मला कशाला कोणाला विचारायला हवं. तुझा शब्द पुरे." त्यांचा चेहरा उजळला होता, त्यांना खरंच आनंद झाला होता. "बघ, स्वतःच्या कामातून फेडलेस. नुसत्या नोकरीतून नाही, हातातल्या कलेतून. किती जणांना जमतं? आता तू खरी मोकळी झालीस."

मला सांगायचं होतं की ज्या कामातून फेडले ते माझं नव्हतं, माझं होतं ते फेडता फेडता गेलं. मी ते मनात जुळवलं होतं, वाक्यही नीट झालं होतं. पण बोलले असते तर त्यांनी लिही म्हटलं असतं.

"मग उद्यापासून काय करणार आहेस?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षं मी फक्त या दिवसावर नजर ठेवून होते. चुलीसमोर बसवायला बायका नव्हत्या. डबा घरी पिशवीत होता.

"उद्या मी येणार नाय बाई," मी म्हटलं. "चपात्या करून ठेवल्यात चार. खालच्या काकूंना सांगितलंय, त्या त्यांच्या ओळखीची बाई पाठवतील."

 "बरं," त्या म्हणाल्या. नोटा अजून मांडीवर होत्या, त्यांनी त्या परत हातात घेतल्या आणि पुन्हा एकदा, हळूहळू, मोजल्या. अकरा. कपाटाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. नव्वद हजार पुरे झाले.